जुन्या शॉटगनच्या चेंबरची खरी लांबी कशी ओळखावी

काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, सहज सरकले आणि बंदूक अडथळ्याविना बंद झाली, म्हणजे ते काडतूस त्या बंदुकीचेच, असा समज सर्रास आढळतो. जुन्या शॉटगनच्या बाबतीत याच्याइतका घातक समज दुसरा नाही. बारा बोरच्या काडतुसावर छापलेला ७० मि.मी. हा आकडा भरलेल्या काडतुसाचा नसतो. बार उडून गेल्यावर तोंड पूर्ण उघडलेल्या रिकाम्या पुंगळीचा असतो. चांदणीसारख्या घड्या घालून तोंड मिटलेले तेच काडतूस भरलेल्या अवस्थेत साधारण ५८ ते ६० मि.मी. भरते, आणि म्हणून ते ६५ मि.मी.च्या चेंबरमध्ये विनातक्रार बसते. तक्रार उद्भवते ती बार उडताना. पुंगळीचे तोंड उलगडायला जागा मागते, पण चेंबर संपलेले असते. शेवटचे पाच मि.मी. पुढच्या निमुळत्या भागात घुसतात, छर्रे आणि डाट जिथून जायचे तो मार्गच अरुंद होतो आणि दाब वाढतो. तो किती वाढेल हे काडतूस, दारू आणि निमुळत्या भागाचा उतार यांवर अवलंबून असते; शंभर वर्षांपूर्वीच्या नळीवर त्याचा प्रयोग करून पाहण्यात शहाणपण नाही.

म्हणून जुनी बंदूक हाती आली की पहिला प्रश्न चेंबरच्या लांबीचा असावा. त्याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते: नळीवरच्या शिक्क्यांत आणि नळीच्या आतल्या पोलादात. शिक्का सांगतो की बंदूक तपासणीगृहातून, म्हणजे नळ्या जादा दाबाचा बार उडवून पारखतात तिथून, बाहेर पडली तेव्हा चेंबर किती लांब होते. पोलाद सांगते की आज ते किती लांब आहे. या दोन उत्तरांत फरक पडू शकतो, आणि खरे काम तो फरक हुडकण्याचेच आहे.

मोजायचे नेमके काय

चेंबर ही सरळ नळकांडी नसते. मागच्या टोकाला काडतुसाची रिम, म्हणजे बुडाची बाहेर आलेली कड, बसण्यासाठी एक उथळ खाच असते. तिच्यापुढे किंचित निमुळते होत जाणारे चेंबर असते, आणि चेंबर जिथे संपते तिथून फोर्सिंग कोन, म्हणजे चेंबरच्या रुंदीवरून बोरच्या (पुढच्या नळीच्या पोकळीच्या) रुंदीवर आणणारा उतार, सुरू होतो. चेंबरची लांबी नळीच्या मागच्या पृष्ठभागापासून, रिमची खाच धरून, या उताराच्या सुरुवातीपर्यंत मोजतात. बारा बोरमध्ये चेंबरच्या पुढच्या टोकाचा व्यास सुमारे २०.३ मि.मी. असतो आणि बोर १८.५ मि.मी.च्या आसपास असते. म्हणजे जो बदल आपल्याला शोधायचा आहे तो अवघा दोन मि.मी.चा आहे. सोळा बोरचे चेंबर टोकाशी सुमारे १८.६, वीस बोरचे १७.४ आणि चारशे दहाचे (०.४१० इंच बोरच्या बंदुकीचे) ११.८ मि.मी. असते. चारशे दहामध्ये चेंबर आणि बोर यांतला फरक आणखी कमी असल्याने तिथे नजरेवर विसंबणे अधिकच धोक्याचे ठरते.

आकड्यांची एक गंमत येथेच सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे पुढे गोंधळ होतो. इंग्लंडमधले २½ इंच म्हणजे काटेकोर हिशेबाने ६३.५ मि.मी.; युरोपातले ६५ मि.मी. हे खरे तर २ ९/१६ इंचांच्या बरोबरीचे आहे. व्यवहारात दोन्ही एकाच वर्गात मोडतात. २⅝ इंच म्हणजे ६६.७, २¾ इंच म्हणजे ६९.८५, ३ इंच म्हणजे ७६.२ आणि ३½ इंच म्हणजे ८८.९ मि.मी. दोन इंची, म्हणजे ५०.८ मि.मी.च्या, हलक्या बारा बोर बंदुकाही बनत असत. मोजमाप ६५ आणि ६७ यांच्यामध्ये येते तेव्हा हे कोष्टक जवळ असावे लागते.

तयारी

बंदूक रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही प्रकारे करावी. पंप किंवा स्वयंचलित बंदूक असेल, तर मॅगझीनही रिकामी करावी. मग नळ्या दांड्यापासून सोडवून घ्याव्यात. खोलीत एकही काडतूस ठेवू नये. लांबी ताडून पाहण्यासाठी भरलेले काडतूस घालून बघण्याची सवय काहींना असते. वर सांगितल्याप्रमाणे त्यातून काहीच कळत नाही, उलट निष्काळजीपणाला निमंत्रण मात्र मिळते.

त्यानंतर चेंबर स्वच्छ करावे, आणि ही पायरी वाटते तितकी किरकोळ नाही. जुन्या प्लॅस्टिक पुंगळ्यांचा आणि मेणाचा थर नेमका उताराच्या सुरुवातीला साचतो. तो तसाच राहिला तर गेज (मोजण्याचे साधन) तिथे अडते आणि चेंबर आहे त्यापेक्षा आखूड भासते. पितळी ब्रश, विलायक आणि कोरडे फडके यांनी चेंबर चकाकेपर्यंत पुसावे. नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहिले, तर सावलीची वलये दिसतात: पहिले रिमच्या खाचेचे, दुसरे उतार सुरू होतो तिथले, तिसरे उतार संपतो तिथले. आपल्याला हवे आहे ते दुसरे. ते ठसठशीत दिसत असेल तर मूळ, आखूड उतार शाबूत असण्याची शक्यता मोठी. दुसरे आणि तिसरे वलय एकमेकांत विरघळलेले दिसत असेल तर कोणीतरी आत हत्यार फिरवलेले आहे असे समजून पुढे जावे.

शिक्के वाचणे

शिक्के बहुधा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, म्हणजे नळ्या दांड्यावर बसतात तिथे, असतात. नळ्या सोडवल्याशिवाय ते दिसत नाहीत. भिंग आणि तिरका उजेड वापरावा. आधीच घासून चकचकीत करू नये, कारण उथळ शिक्के त्यातच नाहीसे होतात.

ब्रिटिश बंदुकांवरचे शिक्के सर्वांत बोलके आहेत आणि सर्वांत जास्त चुकीचेही तेच वाचले जातात. लंडनचे तपासणीगृह १६३७ साली सनद मिळालेल्या तेथील बंदूककारांच्या संघटनेचे, तर बर्मिंगहॅमचे १८१३ च्या कायद्याने स्थापन झालेले. १८८७ च्या नियमांपासून चौकटीच्या आकारात, म्हणजे पत्त्यांमधल्या चौकटसारख्या, १२ हा आकडा आणि सी हे अक्षर ठोकलेले आढळते. याचा अर्थ चेंबर बारा बोरच्या काडतुसाचे आहे एवढाच. लांबी त्यात नाही. फार लांब चेंबर असेल तर सीच्या जागी एलसी असते. त्याच नळीवर अन्यत्र १३ किंवा १३/१ असा आकडा दिसला की अनेकजण गोंधळतात आणि ही तेरा बोरची बंदूक आहे असे ठरवून बसतात. तो आकडा चेंबरचा नव्हे, बोरचा असतो: १३/१ म्हणजे ०.७१९ इंच, १२ म्हणजे ०.७२९ इंच, १२/१ म्हणजे ०.७४० इंच. बारा बोरच्या चेंबरपुढे तेरा बोरची नळी ही त्या काळातली अगदी नेहमीची रचना होती.

१९२५ च्या नियमांनंतर चेंबरची लांबी इंचांत ठोकली जाऊ लागली, त्यामुळे २½ किंवा २¾ असा आकडा दिसला तर त्या काळानंतरच्या तपासणीचा पुरावा हाती येतो. १९५४ नंतर त्याच्या जोडीला बोरचा दशांश आकडा आणि दर चौरस इंची टनांत दाब दिसू लागला. २½ इंची बारा बोरसाठी सामान्यतः ३ टन, २¾ साठी सामान्यतः ३¼ टन. अलीकडच्या मेट्रिक शिक्क्यांत १२ आणि ७० असे आकडे आणि बारमधला दाब असतो. व्यवहाराचा निष्कर्ष असा: चौकटीतला सी आहे पण लांबी कुठेच नाही अशी साधी ब्रिटिश बारा बोर दुनळी २½ इंची आहे असे धरूनच मोजायला घ्यावे, आणि मोजमापाने ते खोटे ठरले तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी.

बेल्जियममधील लिएजच्या नळ्यांवर ईएलजी ही अक्षरे असलेला लंबगोल असतो. १८९३ पासून त्याच्यावर मुकुट आला. मुकुट नसेल तर बंदूक त्याआधीची. चेंबरची माहिती येथेही चौकटीत असते आणि पुढच्या काळातल्या नळ्यांवर १२-६५ किंवा १२-७० अशी लांबी स्पष्ट दिलेली असते. जर्मन नळ्यांवर बारा, सोळा असा काडतुसाच्या बोरचा आकडा वर्तुळात असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन बंदुकीवर वर्तुळ आहे पण लांबी नाही, तर ६५ मि.मी. धरावे; सोळा बोरच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्या बंदुका मोठ्या संख्येने परदेशी गेल्या आणि ७० मि.मी.च्या काडतुसांच्या बाजारात जाऊन पडल्या. फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या तुलनेने नव्या बंदुकांवर लांबी मि.मी.मध्ये थेट वाचता येते. मात्र १८.२ किंवा १८.४ असे दशांश आकडे बोरच्या व्यासाचे असतात, चेंबरचे नव्हेत.

अमेरिकन बंदुकांसाठी यातले काहीच उपयोगी नाही. तिथे सरकारी तपासणीगृहाची पद्धतच नव्हती आणि जुन्या नळ्यांवर चेंबरची लांबी बहुधा ठोकलेली नसे. विन्चेस्टर मॉडेल १२ ही चांगली उदाहरणे देते: १९२७ पूर्वीच्या तिच्या वीस बोर बंदुकांचे चेंबर २½ इंची आणि सोळा बोरचे २ ९/१६ इंची होते, पण बाहेरून त्या पुढच्या बंदुकांसारख्याच दिसतात. महायुद्धापूर्वीच्या ब्राउनिंग ऑटो-५ सोळा बोरचेही तसेच. अशा स्वयंचलित बंदुकीत नुसते चेंबर वाढवून काम भागत नाही. पुंगळी बाहेर फेकण्याची खिडकी आणि काडतूस उचलणारी यंत्रणाही आखूड काडतुसाला बेतलेली असते. शिवाय काही जुने अमेरिकन कारखाने कागदी पुंगळीने वायू नीट अडावा म्हणून चेंबर मुद्दामच पुंगळीपेक्षा अंशभर आखूड ठेवत. त्यामुळे अमेरिकन दुनळीत २⅝ इंच मोजमाप आले, तर ते मूळचेच असू शकते; मात्र तेवढ्यावरून आजचे जोरदार २¾ इंची काडतूस तिला चालेल असा अर्थ काढू नये.

पोलाद मोजणे

आता मुख्य काम. सर्वांत सोपे साधन म्हणजे पोलादी मोजपट्टी, आणि सर्वांत जास्त फसवणारेही तेच. सहा इंची मोजपट्टी सहसा पाऊण इंच, म्हणजे १९ मि.मी. रुंद असते. बारा बोरच्या चेंबरचे टोक २०.३ मि.मी. असल्यामुळे ही पट्टी चेंबरच्या मध्यातून सरकवली तर उताराच्या सुरुवातीला अडत नाही. उतार १९ मि.मी.पर्यंत अरुंद होईस्तोवर ती आत जाते. उतार १२ मि.मी. लांबीचा असेल तर ही चूक सुमारे आठ मि.मी.ची होते आणि ६५ मि.मी.चे चेंबर ७३ वाचले जाते. आखूड चेंबरची बंदूक “सत्तरची आहे” असे ठामपणे सांगितले जाते त्यामागे पुष्कळदा ही पट्टीच असते. त्याऐवजी १० ते १२ मि.मी. रुंदीची, चौरस टोकाची अरुंद पट्टी घ्यावी, ती चेंबरच्या भिंतीला चिकटवून हलक्या हाताने पुढे सरकवावी, आणि कोपरा उताराच्या कडेला लागल्याचे बोटाला जाणवताच थांबावे. चारही बाजूंनी असे करून चार मापे घ्यावीत.

याहून भरवशाचे साधन म्हणजे प्लग गेज. विकत मिळते, पण पितळेच्या पट्टीपासून घरीही बनवता येते. बारा बोरसाठी पट्टीची रुंदी काटेकोर २०.३ मि.मी. (०.७९९ इंच) ठेवावी, दोन्ही कोपरे सारखे असावेत, आणि टोकापासून ६३.५, ६५, ७० व ७६ मि.मी.वर बारीक रेघा कोराव्यात. सोळासाठी १८.६ आणि वीससाठी १७.४ मि.मी. रुंदी घ्यावी. पट्टी चेंबरमध्ये सोडली की जिथे व्यास तिच्या रुंदीइतका होतो तिथे ती टेकते. नळीच्या मागच्या पृष्ठभागाशी कोणती रेघ येते ते वाचावे. पट्टी दाबू नये. तिच्या स्वतःच्या वजनाने ती टेकली पाहिजे. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी मागे ढकलणारा तुकडा, पूर्ण आत बसलेला आहे ना, हे पाहायला विसरू नये, नाहीतर वाचन त्याच्या पृष्ठभागापासून होते आणि एक-दोन मि.मी.ची चूक शिरते.

या गेजची मर्यादा समजून घेणे महत्त्वाचे आहे. चेंबर झिजून किंवा घासून ०.१ मि.मी.ने रुंद झाले असेल, आणि उतार १२ मि.मी.चा असेल, तर वाचनात जेमतेम ०.७ मि.मी.ची चूक होते; ती चालून जाईल. पण कोणी फोर्सिंग कोन ५० मि.मी.पर्यंत लांबवला असेल, तर तेवढ्याच फरकाने वाचन जवळजवळ तीन मि.मी.ने पुढे सरकते. म्हणजे लांब उताराच्या नळीत प्लग गेज ६८ दाखवत असेल तर चेंबर ६५ चे असू शकते. अशा ठिकाणी ठसा काढण्याला, म्हणजे चेंबरमध्ये वितळलेला धातू ओतून त्याची प्रतिकृती घेण्याला, पर्याय नाही.

ठसा काढणे

ठशासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचे हे मिश्रण ७० ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, म्हणून गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ते सहज पातळ होते. शिसे आणि कॅडमियम असल्यामुळे स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, खोली हवेशीर असावी आणि नंतर हात धुवावेत. नळीला थेट ज्योत कधीही दाखवू नये. दुनळीच्या नळ्या पुष्कळदा मऊ डाखाने जोडलेल्या असतात आणि तो डाख सैल झाला तर मोजमापाच्या नादात बंदूकच जाते.

चेंबर पूर्ण कोरडे आणि तेलविरहित करावे. चेंबरच्या टोकापुढे वीसेक मि.मी. अंतरावर, म्हणजे उतार संपून बोर सुरू होईल तिथे, कोरड्या कापडाचा घट्ट बोळा बसवावा. उतार लांबवलेला असेल तर बोळा आणखी पुढे. बोळा ओला नको, वाफ होऊन वितळलेला धातू उडतो. नळी मागची बाजू वर करून उभी घट्ट बांधावी, किंचित कोमट करावी, आणि धातू एका धारेत ओतावा. ठसा सुरुवातीला आकसतो, म्हणून अर्ध्या तासाच्या आत तोंडाकडून लाकडी दांड्याने हलकेच ढकलून तो मागे काढावा. नंतर तो पुन्हा फुगत जातो. ओतल्यापासून साधारण एका तासाने तो चेंबरच्या खऱ्या मापाचा असतो. मोजमाप तेव्हाच घ्यावे. दुसऱ्या दिवशी घेतलेले माप किंचित मोठे भरते.

ठसा हातात आला की सगळे स्पष्ट दिसते. व्हर्निअर कॅलिपरने रिमच्या मागच्या कडेपासून पुढे दर पाच मि.मी.वर व्यास मोजून कागदावर लिहावा. चेंबरमध्ये व्यास अगदी संथपणे उतरत जातो; एका ठिकाणी तो एकदम वेगाने उतरू लागतो. तो वळणबिंदू म्हणजे चेंबरचा शेवट. त्याच्या आसपास मग दर अर्ध्या मि.मी.वर पुन्हा मोजावे. ठशाच्या पृष्ठभागावर गोल ओरखडे दिसले, विशेषतः वळणबिंदूच्या अलीकडच्या पाच-सहा मि.मी.त, तर रीमर, म्हणजे पोकळी रुंदावण्याचे हत्यार, फिरवल्याची ती खूण आहे. मूळ चेंबरचा पृष्ठभाग सहसा त्याहून गुळगुळीत असतो.

दोन उत्तरांचा मेळ

शिक्का २½ आणि माप ६३.५ ते ६५.५ मि.मी. असेल तर प्रश्न मिटला. शिक्का २½ आणि माप ७० मि.मी. असेल, तर चेंबर नंतर वाढवलेले आहे आणि पुन्हा तपासणीगृहात गेलेले नाही, असेच मानावे. पुन्हा तपासलेल्या ब्रिटिश नळीवर नव्या तपासणीचे शिक्के जुन्यांच्या शेजारी असतात; ते नसतील तर ब्रिटनच्या कायद्याने ती विकताही येत नाही. वाढवलेल्या चेंबरचा खरा धोका लांबीत नसून भिंतीच्या जाडीत आहे. चेंबरच्या पुढच्या टोकाशी दाब अजून मोठा असतो, आणि रीमरने नेमके तिथलेच पोलाद काढून घेतलेले असते. भिंतीची जाडी मोजण्याचे खास गेज बंदूककाराकडे असते. हे काम त्याच्यावर सोपवावे, आणि जाडी कळेपर्यंत अशी बंदूक उडवू नये.

उलट प्रकारही दिसतो: शिक्का ७० आणि माप ६८. तिथे आधी पुन्हा स्वच्छता करावी, गेजची रुंदी तपासावी, मग ठसा काढावा. दर वेळी निर्णय एकच: शिक्का आणि माप यांपैकी जे आखूड, ते त्या नळीचे चेंबर धरावे. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालते, लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये नाही. काही काडतुसांची पुंगळी ६७ मि.मी.ची असते, पण खोक्यावर २½ इंची चेंबरसाठी असे स्पष्ट छापलेले असते. तीच सवलत मान्य आहे, आपण होऊन काढलेली दुसरी नाही. आणि लांबी जुळली म्हणजे दाब जुळला असे होत नाही: काळ्या दारूसाठी तपासलेल्या, नायट्रो (धूरविरहित दारूच्या तपासणीचा) शिक्का नसलेल्या नळीला योग्य लांबीचे आधुनिक काडतूसही अनुचित आहे.

कधी बंदुकीसोबत जुन्या रिकाम्या पुंगळ्या मिळतात. त्यांची तोंडे झालरीसारखी फाटलेली, चिंध्या झालेली असतील, तर आधीच्या मालकाने लांब काडतुसे वापरली असावीत असा अंदाज करता येतो, आणि मग नळीतला फुगवटा शोधणे भाग पडते: नळीत डोकावून भिंतीवर पडणाऱ्या उजेडाची रेघ पाहावी, ती कुठे वाकलेली दिसली तर तिथे पोलाद ताणलेले आहे.

दुनळीच्या दोन्ही नळ्या स्वतंत्रपणे मोजाव्यात. एकच चेंबर वाढवलेल्या दुनळ्या असतात, आणि डावे-उजवे सारखेच असणार या भरवशावर एकच मोजून थांबणाऱ्याला ते कधीच कळत नाही. दोन्हींची मापे, शिक्क्यांची छायाचित्रे, मोजण्याची पद्धत आणि तारीख एका जाड कागदावर लिहून तो कागद बंदुकीच्या पेटीतच ठेवावा, आणि त्यावर कमाल पुंगळीची लांबी सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहावी.